टणटणीचं इंजिन

“चिमणी सरळ दिसते का?” स्टुलावर उभ्या असलेल्या बळवंतरावांनी कात्री खाली घेत विचारलं.

विभा रस्त्याच्या पलीकडे, माथुरजींच्या फाटकापाशी उभी होती. दर रविवारी सकाळी तिला तिथं उभं राहावं लागे. एखादी गोष्ट लाइनीत आहे की नाही हे जवळून कळत नाही, लांबून आणि शक्यतो उकिडवं बसून पाहिल्याशिवाय तर नाहीच, असं बळवंतरावांचं मत होतं. रुळांची देखभाल करणारे रेल्वेचे सेक्शन इंजिनिअर ते. नोकरीभर रुळाला गाल लावून त्याची रेघ पाहत आले होते. विभा एका शाळेत ग्रंथपाल होती. भर रस्त्यात उकिडवं बसायची तिची तयारी नसे, म्हणून ती उभ्या उभ्याच पाही.

“थोडी डावीकडे गेली आहे.”

“काय?”

“डावीकडे, बाबा.”

“काय म्हणते?”

बळवंतराव अजून नोकरीत होते, पण गाड्यांचे भोंगे ऐकून ऐकून त्यांचे कान आधीच निवृत्त झाले होते. विभानं गार्डासारखा हात हलवून दाखवला. बळवंतरावांनी चिमणीच्या डाव्या अंगाची चार पानं अशी काढली, जणू न्हाव्यानं नवरदेवाची मिशी कोरावी.

“आता कशी दिसते?”

“ठीक आहे,” विभा म्हणाली, आणि ते ऐकू गेलं नसणार म्हणून मानही हलवली.

बळवंतराव खूश होऊन स्टुलावरून उतरले. इंगळ्यांच्या घरात ‘ठीक’ याच्या वर शब्द नव्हता. मैलोन्‌मैल रूळ तपासून त्यात काही खोट सापडली नाही, तर बळवंतराव ‘ठीक’ म्हणत, आणि हाच शेरा त्यांनी घरातही चालवला होता. विभा विद्यापीठात पहिली आली तेव्हा ते “ठीक झालं” म्हणाले होते आणि मग अख्ख्या रेल्वे कॉलनीत स्वतः फिरून पेढे वाटले होते. बायकोच्या, विमलताईंच्या, हातचं जेवण गेली पस्तीस वर्षं ठीक होतं. ‘सुंदर’ वगैरे शब्द विभाच्या ग्रंथालयात, पुस्तकांच्या आत राहत. ते घरी आणायचे, आणि तेही अर्ध्या बहिऱ्या माणसाला ऐकू जावेत म्हणून रस्त्यापलीकडून, माथुरजींचं कुटुंब अंगणात चहा पीत असताना ओरडायचे, हे कुणाच्या डोक्यातही आलं नसतं.

ज्या चिमणीबद्दल हे चाललं होतं ती वाफेच्या इंजिनाची होती, आणि इंजिन टणटणीचं होतं. टणटणी म्हणजे तीच, गुलाबी-पिवळ्या फुलांच्या चकत्यांची, काळ्या फळांची, चुरगळली की उग्र वास मारणारी. कुणी तिला घाणेरी म्हणतं. आठ वर्षांपूर्वी बळवंतरावांनी जयपुरातल्या सोडाल्याकडच्या एका नर्सरीतून तिची रोपं रिक्षात घालून आणली, तेव्हा विमलताई दारातच कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या होत्या.

“आपल्या बडनेऱ्याले रुळाच्या कडंकडंनं बदाबदा उगवते हे. बकरी तोंड लावत नाई. अन्‌ तुमी विकत आणलं?”

“तिथं उगवते. इथं जपा लागते,” बळवंतराव म्हणाले होते.

आणि त्यांनी जपली. मोठ्या लाइनीच्या दोन रुळांत जेवढं अंतर असतं तेवढंच अंतर ठेवून रोपांच्या दोन रांगा लावल्या. मागच्या टोकाला भंगारातला रुळाचा तुकडा आधाराला उभा पुरला. तेलाच्या डब्यांची चार झाकणं लाल रंगवून चाकं केली. जयपूरच्या कडाक्याच्या थंडीत टणटणीची पानं काळी पडत, तेव्हा ते तिला पोत्यांचे स्वेटर घालत. हळूहळू बॉयलर भरला, मागं ड्रायव्हरची केबिन आली, पुढं चिमणी चढली. “पुऱ्या जयपूर मंडळात असं इंजिन नाई,” ते म्हणत, आणि ते खरंच होतं.

विभानं एकदा पुस्तकात वाचून त्यांना सांगितलं होतं, “बाबा, ही इथली नाही. मतलब, साहेब लोकांनी शोभेसाठी समुद्रापलीकडून आणली आणि मग ती जंगलंच्या जंगलं गिळत सुटली.”

“आपण तरी इथले कुठं हाओत? बदलीवर आलो. जमलो न?” बळवंतराव म्हणाले होते. पण त्या दिवसापासून ते दर रविवारी हिरवी फळं पिकायच्या आत तोडू लागले, आणि छाटलेली काडीन्‌काडी वाळवून न्हाणीघराच्या बंबात घालू लागले. आपल्या इंजिनानं कुणाचं जंगल गिळलं, असं त्यांना कुणी म्हणायला नको होतं. फक्त चिमणीच्या टोकावरच्या फळांना त्यांचा हात स्टुलावरूनही पुरत नसे. तिथं बुलबुल बसत.

कॉलनीत त्यांचा मान होता. दूधवाला, धोबी, शाळकरी पोरं, सगळी त्यांना ‘ऊँटवाले साहब’ म्हणत. विमलताईंनी एकदा कारण विचारलं, तेव्हा बळवंतराव मिशीतल्या मिशीत हसले होते. “बिकानेरकडं दोन वर्षं होतो न मी. वाळवंटात काम केलेला माणूस लोकाईच्या ध्यानात राह्यते.”

तर त्या रविवारी चिमणी ठीक झाली. दुपारी वरण-भात झाला, संध्याकाळी बळवंतरावांनी कात्रीला तेल लावलं. सोमवारी सकाळी चहाचा अर्धा कप पिऊन झाल्यावर त्यांनी तो बशीत ठेवला, आणि ते गेले. डॉक्टर येईपर्यंतही थांबले नाहीत.

बडनेरा-अकोल्याहून माणसं आली. विमलताईंनी टेंट हाऊसमधून भाड्यानं रजया आणवल्या. जलदान विधी झाला, वंदना झाली, सगळे बळवंतरावांबद्दल चांगलं बोलले आणि परत गेले. ऑफिसची माणसं येऊन सरकारी सामान घेऊन गेली. या सगळ्यात कुणाचं बाहेर लक्ष नव्हतं, आणि फेब्रुवारीची ऊब लागताच टणटणीनं ते बरोबर हेरलं. बॉयलरला शेंड्या फुटल्या, केबिनला झिपऱ्या आल्या, चिमणीच्या टोकावर कोंबड्याचा तुरा उगवला.

माथुरजी आले ते हात जोडूनच. ते अकाउंट्समध्ये होते, कॉलनी कमिटीचे सेक्रेटरी होते, आणि दर वर्षी बागांच्या स्पर्धेत त्यांचे गुलाब पहिले येत.

“भाभीजी, बुरा मत मानिएगा,” ते खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाले. “मेरी क्यारियों में हर साल यह निकल आती है. बुलबुल बीज ले आते हैं. इंगळे साहब थे तो कमेटी ने बात मान ली थी, शेप है तो बगीचा, शेप नहीं तो जंगल. अब रविवार को मैडम देखने आ रही हैं.”

मॅडम म्हणजे मंडळाच्या सर्वांत मोठ्या साहेबांच्या पत्नी. रविवारी त्यांच्यासमोर टणटणीला आकार दिसला नाही, तर सोमवारी रुळावरच्या मजुरांची गँग येऊन ती मुळासकट उपटणार होती.

“मैं अपना माली भेज देता हूँ,” माथुरजी भलेपणानं म्हणाले.

“नको, अंकल,” विभा म्हणाली. “मतलब, जरूरत नहीं है. इंजन हम खुद ठीक करेंगे.”

“इंजन?”

“जी. इंजन.”

“अच्छा. इंजन,” माथुरजी म्हणाले. जाताना फाटकापाशी थांबून त्यांनी टणटणीकडे बराच वेळ पाहिलं.

“माली पाठवते म्हणे,” विमलताई आत येत पुटपुटल्या. “बळवंत इंगळ्याच्या इंजिनाले माली हात लावन?”

“मी आहे ना,” विभा म्हणाली.

आता विभानं आयुष्यात पुस्तकाच्या पानाखेरीज काही कापलेलं नव्हतं. पण तिनं आठ वर्षं रविवार पाहिले होते. बाबा कसं करत हे तिला पाठ होतं. आधी गेज घ्यायचा, म्हणजे दोन रुळांतलं अंतर मोजायची ती लांब दांडी. ती इंजिनावर आडवी धरायची आणि दांडीच्या बाहेर जे डोकावेल ते उडवायचं. तिनं अडगळीतून दांडी शोधली. एकच होती, अलमारीच्या मागं, फडक्यात गुंडाळलेली. बाबांनी ती किती जपली होती हे पाहून तिला भरून आलं. तिनं शाळेत रजा टाकली, दांडी धरली आणि उजवी बाजू बेतून घेतली. दांडीच्या बाहेर चांगलंच दोन फूट डोकावत होतं.

“किती वाढली ही,” ती स्वतःशी म्हणाली, आणि कापत सुटली.

दुपारी विमलताई चहा घेऊन आल्या तेव्हा इंजिनाची उजवी बाजू नाहीशी झाली होती. पानं संपून आतले काटेकुटे, वाळक्या काटक्या, बुलबुलाचं एक जुनं घरटं आणि कधीतरी हरवलेला चमचा, असं सगळं उघड्यावर आलं होतं.

“हे काय केलं, वं?”

“गेज लावूनच केलं, आई.”

विमलताईंनी दांडीकडे पाहिलं, मग पोरीकडे. “हा लहान लाइनीचा हाय.”

“मतलब?”

“मतलब काय मतलब. लहान लाइन उखडून मोठी टाकली न इथं, तवा आठवण म्हणून ठेवला होता त्याईनं. मोठ्या लाइनीचा ऑफिसवाले घेऊन गेले.” विमलताईंनी चहाचा कप कठड्यावर ठेवला. “मोठ्या लाइनीचं इंजिन लहान लाइनीवर आणलं तू.”

विभाच्या हातांवर टणटणीचे ओरखडे उठले होते. पण हार मानण्यातली ती नव्हती. “चालेल. लहान लाइनीवर इंजिनं नव्हती का? होतीच ना.”

होती, पण त्यांची चिमणी मधोमध असे. इथं उजवी बाजू गेल्यामुळे चिमणी आपोआप कडेला आली होती आणि टपावरून उडी मारायच्या बेतात असल्यासारखी दिसत होती. विभानं दुसऱ्या दिवशी तिला मध्ये आणायचं ठरवलं. चिमणी सरकत नाही. एका बाजूनं कापायची आणि दुसऱ्या बाजूनं वाढू द्यायची, असं करावं लागतं, आणि वाढू द्यायला तिच्याकडे रविवारपर्यंतच वेळ होता. म्हणून तिनं नुसतंच कापलं. उजवीकडून जास्त गेलं, म्हणून डावीकडून. डावीकडून जास्त गेलं, म्हणून उजवीकडून. तिसऱ्या प्रहरी चिमणी सुरईच्या मानेएवढी उरली. आधाराला तिनं बांबूची काठी लावून तार आवळली. तार जरा जास्तच आवळली गेली.

चिमणी तुटली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. ती नुसती वाकून खाली टेकली.

विमलताई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “बापानं आठ वर्षं वाफेचं इंजिन जपलं. पोरीनं दोन दिवसात डिझेल करून टाकलं.”

त्या आठवड्यात इंगळ्यांकडे गरम पाण्याची चंगळ होती. इंजिनाची उजवी बाजू आणि चिमणी बंबात जात होती, आणि घरभर टणटणीचा उग्र वास भरला होता. “वाफ तर झाली,” बंबात काड्या कोंबत विमलताई म्हणाल्या. बळवंतराव गेल्यापासून त्या पहिल्यांदाच काही गमतीचं बोलल्या होत्या.

पण डिझेल ही कल्पना वाईट नव्हती. डिझेल इंजिनाला चिमणी लागत नाही, अंग सरळ असतं. विभा शुक्रवारी पुन्हा कात्री घेऊन उभी राहिली, आणि नेमके त्याच दिवशी शेषराव तायडे आले. बळवंतरावांचे अकोल्याकडचे दोस्त, निवृत्त ड्रायव्हर, जयपुरातच गोपालपुऱ्याला मुलाकडे राहत. बळवंतराव आणि ते तीस वर्षं एकाच विषयावर भांडत आले होते.

“तुझा बाप म्हणे, ड्रायव्हर काय करते, बसून राह्यते, गाडी तर आमच्या रुळावरून चालते,” शेषराव म्हणाले. “मी म्हणो, तुह्या रुळावरून माही गाडी गेली नाई तं त्याच्यावर कपडे वाळत घालशीन.” मग त्यांची नजर टणटणीकडे गेली. “हे काय हाय?”

“डिझेल इंजिन, काका.”

शेषराव इंजिनाभोवती एक चक्कर मारून आले. त्यांचा चेहरा दुखावल्यासारखा झाला. “बाई, मी बावीस वर्षं डिझेल चालवलं. डिझेलचं केबिन असं असते? हे तं संडास दिसून राह्यलं. आण ती कात्री.”

“काका, मीच करते.”

“इंजिन कोनाचा विषय हाय? रूळवाल्याचा का ड्रायव्हरचा?”

विभानं कात्री दिली. शेषरावांनी शर्टाच्या बाह्या सारल्या आणि केबिनच्या छपराला हात घातला. ते उंच होतं, म्हणून थोडं उतरवलं. मग खिडकी नीट दिसेना, म्हणून ती मोठी केली. खिडकी इतकी मोठी झाली की छपराला धरायला काही उरलं नाही, म्हणून छप्पर गेलं. छप्पर गेल्यावर भिंती उगाच उभ्या दिसू लागल्या. शेवटी कात्री मागच्या रुळाच्या तुकड्यावर खट्‌कन आपटली आणि तिथं शेषराव थांबले. केबिन बॉयलरच्या बरोबरीला आली होती. पुढून मागपर्यंत सगळं सपाट.

दोघं रस्त्यापलीकडे जाऊन पाहून आले.

“मालडबा,” शेषराव शेवटी म्हणाले.

“काका.”

“पण मालडबा चांगला हाय. मालडब्याशिवाय रेल्वेले पैसा कुठून भेटते? साऱ्या इंजिनाईची इज्जत मालडब्यापायी हाय.” हे बोलताना त्यांचा स्वतःचाच आवाज पडला होता. जाताना ते विमलताईंना म्हणाले, “वयनी, बळवंताले सांगू नका,” आणि मग आपण काय बोललो ते कळून चप्पल शोधू लागले.

शनिवारी विभा शाळेत गेली. मालडबा तर मालडबा, पण आकार होता. सरळ होता, सपाट होता. मॅडमना सांगता आलं असतं. आदर्श नगरच्या शाळेतून घरी येताना तिनं मनात वाक्यसुद्धा जुळवलं. गल्लीच्या तोंडाशीच तिला काहीतरी रंगीत दिसलं.

तिच्या मालडब्यावर रजया वाळत घातल्या होत्या.

जयपूरची रजई हलकी म्हणून जगात तिचं नाव आहे. पाव किलो कापसात थंडी निभते म्हणतात. टेंट हाऊसच्या रजयांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. सोमवारी त्या परत करायच्या होत्या, दमट झाल्या होत्या, आणि विमलताईंना गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच अंगणात एवढी सोयीची सपाट जागा दिसली होती. त्यांनी एकावर एक सगळ्या घातल्या. एक बाजू आधीच पोकळ झालेली टणटणी दुपारपर्यंत तग धरून होती. मग ती मधूनच बसली.

दोघींनी मिळून रजया उचलल्या. खाली पुढचं सगळं अंग गुडघ्याएवढं होऊन पसरलं होतं. मागं रुळाच्या तुकड्याला धरून तेवढी एक पट्टी ताठ उभी होती.

“टेंटवाल्यानं यात कापूस भरला का गिट्टी?” विमलताई म्हणाल्या. मग खालच्या आवाजात, “मले वाटलं, सपाट हाय तं...”

विभानं कात्री उचलली. तिनं मोडलेल्या काड्या कापून वरून सारखं केलं, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. इंजिन गेलं, डिझेल गेलं, मालडबा गेला. उद्या माथुरजी म्हणतील, शेप नाही. परवा गँग येईल. बाबांच्याच हाताखालची माणसं येतील, मान खाली घालून उपटतील, आणि बळवंत इंगळ्याच्या पोरीला एक झुडूप सांभाळता आलं नाही, हे कॉलनीला कळेल.

रविवारी सकाळी ती पायरीवर बसून राहिली होती. विमलताई झाडू घेऊन बाहेर आल्या, दोन हात मारले आणि थांबल्या. खाली बसका सपाट चौकोन. त्याला चार लाल चाकं. मागं पाठ टेकायला ताठ पट्टी. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि त्या आत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात बळवंतरावांची मोठी काळी छत्री होती आणि दुसऱ्या हातात, फाटकी म्हणून ऑफिसनं परत न नेलेली लाल झेंडी. छत्री त्यांनी उघडून मागच्या पट्टीत रुळाच्या तुकड्याला बांधली. झेंडी एका काठीला लावून कोपऱ्यात खोवली. मग पदरानं हात पुसत मागं सरकल्या.

“आई,” विभा उभी राहत म्हणाली.

रूळ तपासायला निघालेला साहेब ज्या ढकलगाडीवर बसून जातो, ती ट्रॉली समोर उभी होती. चार चाकं, एक फळी, टेकायला बाक, उन्हाला छत्री, इशाऱ्याला लाल झेंडी. मागून दोन माणसं रुळावरून धावत ढकलतात आणि साहेब पुढं पाहत बसतो.

“लग्न झालं तवा मी बडनेऱ्याच्या फाटकापाशी भाजी घेऊन उभी होती,” विमलताई म्हणाल्या. “फाटक बंद. मोटरा, टांगे, सारे थांबले. म्हटलं कोनती मेल येते. तं हे आले, ट्रॉलीवर, छत्री लावून. ताठ बसले होते. फाटकवाल्यानं सलाम केला. माह्याकडं पाह्यलंबी नाई, ड्युटीवर होते न. पण एवढे सारे लोक माह्या माणसासाठी थांबले.” त्यांनी झेंडी जरा सरळ केली. “मी म्हणो, ट्रॉली काऊन नाई करत टणटणीची? तं म्हणे, स्वतःची ट्रॉली काय मिरवायची, मिरवायचं तं इंजिन मिरवा लागते.”

नऊच्या सुमाराला मॅडम आल्या. माथुरजींचे गुलाब आधीच पाहून झाले होते. मागं माथुरजी, त्यांच्या मागं कॉलनी, आणि सगळ्यांच्या मागं, आपण इथं नाही असं दाखवत, शेषराव.

“यह लँटाना है ना?” मॅडमनी विचारलं. “इसे तो लोग उखाड़ते फिरते हैं.”

“जी,” विभा म्हणाली. “पिताजी फल पकने से पहले तोड़ लेते थे. अब मैं तोड़ूँगी. चिमणीवरचे राहायचे... मतलब, ऊपर वाले रह जाते थे. अब ऊपर कुछ है ही नहीं.”

“और बनाया क्या है?”

विभानं तोंड उघडलं. पण तिच्या आधी माथुरजीच बोलले.

“ट्रॉली है, मैडम. इंगळे साहब की ट्रॉली.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “इसी तरह बैठते थे. एकदम सीधे. जून की धूप में भी.”

मॅडमनी छत्रीकडे पाहिलं, झेंडीकडे पाहिलं, आणि आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं.

“अंकल,” विभानं विचारलं, “आपने पहचान लिया?”

“कौन नहीं पहचानेगा, बेटा?” माथुरजी म्हणाले. “वैसे पहले वाला ऊँट भी अच्छा था.”

“ऊँट?” विमलताई म्हणाल्या.

माथुरजी जरा गडबडले. “वही जो इतने साल था. बैठा हुआ ऊँट. आगे लंबी गर्दन, पीछे कूबड़. सारी कॉलनी तो...” ते विभाकडे वळले. “बेटा, तुमने उस दिन इंजन कहा, तो मैं समझा, दुख में कुछ का कुछ बोल रही है.”

गर्दीतून दूधवाल्यानं मान डोलावली. शाळकरी पोरांनी डोलावली. मागून शेषरावांचा आवाज आला, “मले तं पैल्या दिवसापासून वाटे. पण बळवंताले कोन सांगन?”

आठ वर्षं. आठ वर्षं पुऱ्या जयपूर मंडळातलं एकमेव वाफेचं इंजिन उंट म्हणून उभं होतं, आणि एवढ्या मोठ्या कॉलनीत एकाही माणसानं त्यांना ते कळू दिलं नव्हतं. दूधवाल्यानं नाही, पोरांनी नाही, गुलाबांच्या वाफ्यातून दर वर्षी टणटणी उपटणाऱ्या माथुरजींनीही नाही.

विमलताईंचे खांदे हलायला लागले. विभा घाबरून पुढं झाली, तर आई हसत होती. पदर तोंडाशी धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती. “बिकानेर,” त्या कशाबशा म्हणाल्या, “बिकानेर म्हणे,” आणि मग विभालाही आवरेना.

पहिलं बक्षीस गुलाबांनाच मिळालं. ट्रॉलीचा विशेष उल्लेख झाला. माथुरजींनी सेक्रेटरी या नात्यानं सगळ्यांसमोर जाहीर केलं, “शेप है,” आणि सोमवारी गँगनं यायची गरज उरली नाही. शेषराव ट्रॉलीभोवती तीन चकरा मारून आले आणि म्हणाले, “शेवटी रूळवालाच जितला,” आणि चहा घ्यायला आत गेले.

अंगण मोकळं झालं. विमलताई ट्रॉलीपाशी उभ्या राहून छत्रीची गाठ आवळत होत्या.

“विभा, पलीकडून पाय बरं, छत्री सरळ हाय का.”

विभा रस्ता ओलांडून माथुरजींच्या फाटकापाशी गेली. अंगणात त्यांचं कुटुंब बक्षिसाच्या आनंदात चहा पीत होतं. ती नेहमीच्या जागी उभी राहिली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, ती भर रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली, मान तिरकी केली आणि एक डोळा मिटून पाहिलं.

छत्री जराशी डावीकडे गेली होती. छत्रीच्या सावलीतली जागा रिकामी होती. टणटणीच्या मोडलेल्या अंगावरही कुठं कुठं फुलांच्या गुलाबी-पिवळ्या चकत्या शाबूत होत्या, आणि बाक ताठ होता.

“सुंदर आहे,” ती हळूच म्हणाली.

“जोरानं बोल, माय,” विमलताईंनी गाठीवरचा हात काढून वर पाहिलं. “त्याईले आयकू नाई येत.”

माथुरजींच्या अंगणातले कप थांबले. विभा उकिडवीच बसली होती. तिनं छातीत श्वास भरून घेतला आणि रस्त्यापलीकडे, आजूबाजूच्या क्वार्टरांतही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“बाबा, सुंदर आहे. लय सुंदर आहे.”